मांडी तयार, डोंगर बाकी

२ नोव्हेंबर, रविवार

ही रोजनिशी लिहायला मला विहीणबाईंनी भाग पाडले. सरळ लिहून ठेवते.

आज शालूबाई जेवायला आल्या होत्या. सुनेची आई. कसबा बावड्याला शेती, आणि आवाज असा की बावड्यात बोलल्या तर शहराच्या दुसऱ्या टोकाला रंकाळा तलावावर ऐकू यावे. सून तेजस्वी ज्या सायकल क्लबात आहे त्यांची १४ डिसेंबरला गगनबावड्याला डोंगरी सायकलची स्पर्धा आहे. सड्यावरून, म्हणजे वरच्या खडकाळ माळावरून सुरुवात, मग कारवीच्या झाडीतून पायवाटेने कड्यापर्यंत, जिथून खाली कोकण दिसते. त्यात एक कुटुंब गट आहे. मूल पुढे, घरातले मोठे माणूस मागे, आणि शेवटची रेघ दोघांनी बरोबर ओलांडायची. माझ्या नातीला, मोनाला, यात उतरायचेच आहे. अकरा वर्षांची आहे. वर्षभरात तिने दुसरे काही मागितलेले नाही.

तेजस्वी आयोजकांत, म्हणून बाद. माझा मुलगा अमरसिंह फ्रिजपर्यंत जायलाही गाडीची किल्ली शोधतो. तेव्हा शालूबाई मटणाची नळी चोखता चोखता म्हणाल्या, मी जातो की पोरीसंगं, त्यात काय.

मी म्हणाले, मी जाणार.

कोणी हसले नाही. घरात माझ्याबद्दल आदर आहे. अमरसिंहला ठसका लागला तो तांबड्या रश्श्याने.

तेजस्वीने तोडगा काढला. ३० तारखेला दोघींनी मोनाबरोबर त्याच वाटेने एकेक चाचणी फेरी मारायची; जिची नीट पुरी होईल ती स्पर्धेत. मला मान्य आहे. मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. भिंतीवरून उडी मारणाऱ्या मुली मी नुसत्या बघण्याने परत भिंतीवर चढवल्या आहेत. डोंगर काय चीज आहे.

४ नोव्हेंबर

संकल्प: पहाटे पाचला उठणे. (उद्यापासून. आज सात. थंडी होती.)

अमरसिंहने लॉकडाऊनमध्ये घेतलेली सायकल गच्चीवर होती. तिच्यावर टॉवेल वाळत होते. धुऊन घेतली. मोना गिअर समजावून सांगत होती. पुष्कळ आहेत. मी कॉलेजला पाचवारी नेसून लेडीज सायकलवर जात असे, तिला गिअर नव्हतेच, आणि मी कधी उशिरा पोहोचले नाही. म्हणून एक गिअर निवडला आहे. त्याला आता हात लावायचा नाही.

७ नोव्हेंबर

कोच बदलला.

क्लबचा राजवीर नावाचा मुलगा आला होता. वजन मागे, नजर पुढे, ब्रेक हळू, असे काहीबाही सांगितले. नंतर म्हणाला, आंटी, चिल. त्याला चहा देऊन वाटेला लावला.

गल्लीतल्या तालमीचे केरबा वस्ताद यांची नेमणूक केली. त्यांनी आयुष्यभर पैलवान घडवले आहेत. असल्या सायकलवर ते कधी बसलेले नाहीत, पण तो गुणच; चुकीच्या सवयी नाहीत. म्हणाले, अक्का, सायकल काय न् कुस्ती काय, सगळा मांडीचा खेळ हाय. मांडी तयार झाली की डोंगर आपसूक उतरतोय.

इतके शास्त्रशुद्ध आजपर्यंत कोणी सांगितले नव्हते. खुराक ठरला: सकाळी बैठका, मग बदामाची थंडाई, संध्याकाळी कट्ट्यावर धारोष्ण दूध.

१२ नोव्हेंबर

दूध उत्तम चालले आहे. म्हैस समोर पिळतात, फेसासकट ग्लास हातात. वस्ताद म्हणाले दोन घ्या. मी शिस्तीची; तीन घेते. बैठका उद्यापासून.

घरातला वजनकाटा बिघडला आहे. अमरसिंह म्हणतो, माझं तर बरोबर दाखवतोय. म्हणजे फक्त माझ्यापुरता बिघडला आहे. सायकलची सीटही कुरकुरते. हल्ली माल टिकाऊ येत नाही.

१६ नोव्हेंबर

टेंबलाईच्या टेकडीवर सराव. सायकल वर नेली. (ढकलत. पण नेली.)

उतारावर एका वळणाआधी मी स्वखुशीने उतरले. सायकल पुढे गेली आणि माझ्याआधी खाली पोहोचली, यावरून वाट किती चांगली निवडली होती ते दिसते. मी मागून, बसून. पेरू विकणाऱ्या बाईने विचारले, पावणं, लागलं न्हाय न्हवं? मी सांगितले, उताराची पाहणी चालू आहे. ती म्हणाली, पाहणी मागनं उसवलीया.

ट्रॅकपँटची शिलाई निकृष्ट.

१८ नोव्हेंबर

मोना रविवारी बावड्याला जाते. तिच्याकडून कळले की बावड्याची आजी उसाच्या बांधावरून सायकल हाणते, परवा पाटात पडली, आणि मग दोघी चिखलात बसून पोट धरून हसल्या.

पडून हसणे ही बेशिस्त आहे. मी पडले तर गंभीर असते.

२३ नोव्हेंबर

हेल्मेट अंबाड्यावर बसत नाही. अंबाडा मी कॉलेजपासून घालते, हेल्मेट आत्ता आले. बदल हेल्मेटने करावा. आतला मागचा स्पंज कापून काढला. आता बसते, जरा उंच. वस्ताद म्हणाले, सरदाराच्या टोपावाणी दिसतंय. तेजस्वी घाईने आत गेली. माझ्या निर्धाराने ती भारावली असावी.

पहाटे पाचचा संकल्प थंडी सरेपर्यंत स्थगित.

२९ नोव्हेंबर

उद्या चाचणी. मोना म्हणाली, आजी, एकदा तरी माझ्याबरोबर चालव. मी नाही म्हटले. मैदानाआधी पैलवानाने ताकद दाखवायची नसते. मग विचारले, आजी, तू आधी कुठला ब्रेक दाबतेस? मी म्हणाले, दोन्ही, पूर्ण ताकदीने, भेदभाव न करता. तिने जाऊन माझ्या हेल्मेटचा पट्टा तपासला. प्रभावित झाली असणार.

३० नोव्हेंबर, गगनबावडा, दुपारी

घडले ते क्रमाने लिहिते.

सकाळी मिसळ, वर थंडाई. सड्यावर केरबा वस्ताद फेटा बांधून हजर, बरोबर तालमीतले दोन हलगीवाले. म्हणाले, हलगी वाजल्याशिवाय अंगात येत न्हाय, अक्का. मोना पुढे, मी मागे. हलगी कडाडली आणि खरोखर अंगात आले. माझ्या नव्हे. शेजारी चरणाऱ्या म्हशीच्या.

ती वाटेत येऊन उभी राहिली. मी रेक्टरच्या आवाजात दोनदा सूचना दिली. या आवाजाने एकेकाळी अख्खा मजला झोपत असे. म्हैस हलली नाही. महिनाभर मी ज्या जातीचा इतका मान राखला तिने निदान ओळख द्यायला हवी होती. मी दोन्ही ब्रेक, पूर्ण ताकदीने, भेदभाव न करता दाबले. सायकल थांबली. मी थांबले ती पुढे, कारवीत.

मोना फार पुढे गेली होती. परत आली. माझ्या अंबाड्यातल्या काटक्या काढल्या. म्हणाली, आजी, इथून समुद्राची रेघ दिसते बघ. चष्मा कारवीत असल्याने मला दिसली नाही, पण आहे, असे मी सांगितले. पोर दमली होती, म्हणून तिच्यासाठी आम्ही उरलेली वाट चालत पुरी केली. ती दोन्ही सायकली ढकलत होती. दमलेल्या माणसाला असे काही धरायला लागते.

नंतर शालूबाई गेल्या. एकदा आपटल्या. हसण्याचा आवाज कड्यापर्यंत. दोघी बरोबर पोहोचल्या. राजवीर टाळ्या वाजवत होता. त्याला मी चहा दिला होता हे विसरला.

३ डिसेंबर

फेरचाचणीची मागणी केली आहे. कारणे: कारवीची छाटणी नव्हती, म्हैस बेवारस होती, हलगी नको तितकी जोरात वाजली. वस्ताद म्हणतात, मांडी तयार हाय अक्का, डोंगरच कच्चा हाय.

तेजस्वी म्हणाली, आई, फेरचाचणी राहू दे, मोनालाच विचारा. विचारले. मोनाने माझ्या खरचटलेल्या कोपराकडे पाहिले, मग म्हणाली, मी तुझ्याबरोबरच जाते आजी.

न्याय झाला. शालूबाईंना फोन करून कळवले. त्या म्हणाल्या, बरं की, पोरीचं मन मोडू नका म्हंजे झालं. हरलेला माणूस असेच बोलतो.

७ डिसेंबर

आज रविवार, तरी मोना बावड्याला गेली नाही. अंगणात सराव करत होती. खिडकीतून पाहिले. अगदी हळू चालवत होती. पाय टेकू न देता, गोगलगाईसारखी, तुळशीभोवती. पडायच्या बेतात यायची, सावरायची, पुन्हा हळू.

मी खाली जाऊन विचारले, हे काय, अशाने शेवटचा नंबर येईल. ती म्हणाली, आजी, तू चालत येशील ना, मग मला तुझ्या पुढं हळू चालवता आलं पायजे. नाहीतर आपण बरोबर कसे पोहोचणार?

मी म्हणाले, हँडल सरळ धर.

वर आले. दूध घेतले नाही.

९ डिसेंबर

गुडघा दुखतो. कोणता ते अजून ठरवलेले नाही.

घरात जाहीर केले की प्रकृतीच्या कारणास्तव मी हा कार्यभार सोडत आहे. मोनाने विचारले, आजी, खूप दुखतंय का? मी म्हणाले, अतिशय. ती पळत फोनकडे गेली. बावड्याहून आलेली आरोळी फोनशिवायही ऐकू आली असती.

डोंगर मी उतरलेच असते. लिहून ठेवते.

१४ डिसेंबर, गगनबावडा, सकाळ

शेवटच्या वळणावर शिट्टी घेऊन उभे राहण्याचे काम क्लबने मला दिले आहे. एवढ्या जबाबदारीला दुसरे माणूस मिळाले नसावे. वस्ताद हलगीसह आले आहेत. म्हैस दिसत नाही.

चार्ज दिल्याची नोंद, हॉस्टेल सोडताना केली होती तशी:

विहीणबाई शालूबाई यांना सुपूर्द केले. हेल्मेट एक, मागून पोकळ. त्यांचा अंबाडा नाही, डुगडुगेल, म्हणून आत माझा रुमाल घडी करून घातला. हातमोजे, न वापरल्यासारखे. थंडाईची बाटली, भरलेली. मोना, वेणी घट्ट घालून, चाकांतली हवा तपासून.

शालूबाई म्हणाल्या, विहीणबाई, तितं कोपऱ्यावर शिट्टी हाणा जोरात, तुमच्या भ्यानं तरी मी सरळ येतो.

पोहोच म्हणून सही मागितली. मिळाली नाही. त्यांचा हात मोनाने धरला होता.