डावा गाल

कोपर, डोंबिवली (प.)
५ मे

ती. आसावरीमावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर रडेन आणि आई ऐकेल, म्हणून हे पत्र सलिलदादाच्या हाती.

करिश्माच्या ताईच्या हळदीला गेलेले. त्यांच्या आगरी हळदीत कोणी कोरडं सुटत नाही, बँडवाल्यालाही फासतात. करिश्माने मला फक्त उजव्या गालाला लावली. डावा, डागाचा, तसाच ठेवला. तिची ठमाकाकी तिकडे हात न्यायला लागली, तर हिने तो धरला. म्हणाली, "तिच्या त्या गालाला नको गो, काकी." सगळ्या बायका बघायला लागल्या. अख्ख्या मांडवात अर्धी पिवळी मी एकटीच.

वर्गातली मुलं 'नकाशा' म्हणतात, ते चालतं. फोटोत मी कायम उजवीकडून उभी राहते, तेही चालतं. पण पहिलीपासून शेजारी बसणारीलाही डाग शिवायचा नसेल, तर काय उरलं? लग्नाला गेले नाही. तिला ब्लॉक केलंय. रविवारी लग्नानंतरचं मांडवपरतणीचं जेवण आहे, तिथेही जाणार नाही. निकाल लागला की ठाण्यातच कॉलेज घेते, तुझ्याकडे राहीन. आईला काही कळू देऊ नकोस.

रागावू नकोस, एवढाच लोभ मागते.
श्रिया

टेंभी नाका, ठाणे
७ मे

चि. श्रियास,
अनेक आशीर्वाद.

खोली तुझीच आहे. फक्त पळून येणाऱ्या मुलीला इथे पुरणपोळी मिळत नाही, पिठलं मिळतं.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दोघी भांडल्या की सिस्टर आधी दोघींचं ऐकत, मग ओरडत. तू एकीचंच ऐकलंयस, स्वतःचं.

गुढीपाडवा आठव. डागावर नुकतंच लेझर झालेलं. दारातच मला बजावलंस, गालाला काही लावायचं नाही, डॉक्टरांची मनाई आहे. मी मुकाही घेतला नाही. तेव्हा मला काही तू ब्लॉक केलं नाहीस. मनाई उठल्याचं मला तुझ्या आईने कळवलं. करिश्माला कोणी कळवलं?

कदाचित माझं चुकतही असेल. मग खुशाल ये. पण तिला विचारून ये.

तुझ्यावर लोभ आहेच, थोडा तिच्यासाठीही ठेवलाय.
मावशी

कोपर
१२ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गेले. करिश्मा वडे वाढत होती. माझं पान आलं की पुढे जायची, वर बघायचीच नाही. शेवटी मागच्या अंगणात गाठलं.

तिने मलाच विचारलं, "तुझा डॉक्टर बोललेला ना, काय लावायचं नाय?" मी म्हटलं, मनाई केव्हाच उठली. ती म्हणाली, "सांगायचं ना, येडे. तुझी करवलीची साडी पण आणलेली. एकटी उभी होते मी."

ती आत गेली आणि देवाजवळची हळदीची वाटी घेऊन आली. डागावर बोट टेकवलं आणि तिथेच थांबून विचारलं, दुखतं का. इतक्या वर्षांत डागाबद्दल आम्ही कधी बोललोच नव्हतो, मावशी. नाही म्हणाले. मग तिने अख्खा गाल माखला.

कॉलेज इथलंच बघतेय. सोबत करिश्माने काढलेला फोटो आहे, डावीकडून.

लोभ आहे तसा असू दे. पाडव्याचा मुका राहिलाय तुझ्याकडे.
श्रिया