पाणी हटलं तिथं

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी अजून एका जागी टिकत नाही, याचं तुम्हाला नवल वाटायचं नाही. परवा टोमॅटोच्या गाडीबरोबर नारायणगावला गेलो आणि परतताना उगाच वाट वाकडी करून अवसरीच्या कॉलेजात शिरलो. आपल्या गावचा एक जण तिथं शिकतो. तो काही भेटला नाही. हॉलमध्ये कसलीशी चर्चा चालली होती, पंख्याखाली जागा दिसली म्हणून बसलो. पोरं बोलत होती, पन्नास वर्षांनी ऊन वाढल्यावर, पाऊस बेभरवशाचा झाल्यावर आपण कसे जगू. एक म्हणाला, घरं जमिनीखाली बांधू. दुसरा म्हणाला, "गोठ्याला एसी लावू, राव. आपण बाहेर झोपू!" सगळे हसले. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "अशा जगात मी मूल होऊ देणार नाही." तुमच्या सुनेला सातवा महिना आहे.

मला डिंभ्याचा काठ आठवला. आपलं रान धरणात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी हटेल तसं उघड्या पडलेल्या गाळात तुम्ही बाजरी पेरायचा. रोज सकाळी पाण्याच्या कडेला काठी खोचायची, पाणी किती मागं गेलं ते बघायचं, आणि पाय रुतायचा थांबला की मगच पेरायचं. एकदा मला जत्रेला पळायचं असतं. मी ओल्या चिखलातच बी फेकून मोकळा होतो. सगळं कुजतं. तुम्ही मारत नाही. "पाण्याला घाई न्हाई, तुलाच लई घाई," म्हणता आणि उरलेलं बी माझ्याच ओंजळीत देता. "घे. आता पायाला इचारून पेर."

हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, "भाऊ, तुम्ही बोला की." मी उठलो. "पाणी हटंल तिथं पेरता येतं, आमच्या आबांनी दाखवलंय."

ती मुलगी म्हणाली, "आणि पाणीच नसलं तर?"

"तर ताई, नवं काहीतरी शिकावं लागंल," म्हणालो आणि खाली बसलो. रान बुडाल्यावरही तुम्ही सगळं संपलं असं मला कधी सांगितलं नाही. यंदा कुठपर्यंत उघडं पडंल, एवढंच विचारायचा. त्याचं मोल मला त्या खुर्चीत कळलं.

घरी आल्यावर तुमच्या सुनेनं विचारलं, "काय व्हतं कॉलेजात?" "पोरं हसत व्हती," म्हणालो. त्या मुलीचं बोलणं सांगितलं नाही. हे पत्र कुठंच टाकायचं नाही, ठाऊक आहे. मी घाबरलोय, हे तिला सांगायच्या आधी एकदा कुणाला तरी सांगून बघायचं होतं.