दर रविवारची तडतड

प्रिय दादा,

तू पाठवलेल्या त्या डब्याने माझं डोकं उठवलंय, हे आधी सांगते; ख्यालीखुशाली नंतर. बाबांच्या सत्तरीला त्यांच्या गिटारसाठी सरावाचा छोटा अ‍ॅम्प पाठवायची कल्पना तुझी, आणि शेजारच्या खोलीत हेडफोन लावून कोर्टातल्या साक्षी टाइप करत बसते ती मी. आठ महिने झाले. परवा एका साक्षीत ‘आरोपी घरात शिरला’च्या जागी मी ‘आरोपी घरघरात शिरला’ असं टाइप केलं आणि वकिलाच्या ऑफिसातून फोन आला.

बाबा वाजवतात बरं, तक्रार त्याची नाही. तरुणपणी ऑफिसच्या कार्यक्रमांत वाजवायचे तीच चार-पाच गाणी, सावकाश, पण सुरात. मात्र प्रत्येक सुरावर तापल्या तेलात पाणी पडल्यासारखी तडतड. स्वच्छ आवाज म्हणून निघत नाही. मग रविवार उजाडतो, तुझा फोन येतो आणि तुम्ही दोघं अर्धा अर्धा तास त्या तडतडीची चौकशी करता. तू म्हणतोस वायर बदला, ते बदलतात. तू म्हणतोस तारा जुन्या असतील, मी बाजारात जाऊन तारा आणते. तू म्हणतोस फ्रीजच्या बोर्डावर लावू नका, तर अ‍ॅम्प माझ्या दाराशी येऊन बसतो आणि जाता-येता पायाला लागतो. पुढच्या रविवारी पुन्हा, नाही रे, आहे तशीच आहे. मी कुरकुर केली की ऐकवतात, तुझा दादा बघतोय ना. जसा काही तू डॉक्टर आणि तो डबा पेशंट.

याआधीचे तुमचे फोनही मला आठवतात, नाही असं नाही. टेलिफोन खात्यातली त्यांनी लावून दिलेली नोकरी तू दोन महिन्यांत सोडलीस आणि रेकॉर्डिंग स्टुडिओत गेलास. त्यानंतर चार वर्षं ते तुझ्याशी बोललेच नाहीत. आई गेल्यावर बोलू लागले, पण ते काय बोलणं? कसे आहात, ठीक. जेवलात का, हो. की फोन माझ्या हातात. मग मी तुला हवापाणी सांगत बसायचं.

तर बुधवारी ते दाढ काढायला दवाखान्यात गेले. सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. दार लागल्याबरोबर मी उठले आणि डब्यासमोर मांडी घालून बसले. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण गेनचं, म्हणजे सूर आत घेतानाच फुगवणारं, बटण शेवटपर्यंत पिळलेलं आणि व्हॉल्यूमचं जेमतेम उघडलेलं, एवढं दिसलं. मी उलटं केलं. गेन पार खाली, व्हॉल्यूम वर. गिटारवरचंही बटण जरा मागे घेतलं आणि तार छेडली. दादा, बारा मिनिटं लागली मला. एकेक तार वेगळी ऐकू आली, स्वच्छ, हळूहळू विरत जाणारी. आठ महिन्यांत तुम्हा दोघांना जे जमलं नाही ते मी केलं, या तोऱ्यात धूळ पुसायला डबा उचलला, तर खाली घडी घातलेला कागद. बाबांचं अक्षर. वर तारीख, अ‍ॅम्प आल्यानंतरच्या चौथ्या दिवसाची: ‘गेन दोन, व्हॉल्यूम सहा, आवाज स्वच्छ.’ त्याखाली रविवारांची यादी. ‘वायर बदलली, फरक नाही.’ ‘तारा नव्या, तरी तडतड.’ ‘फ्रीजपासून हलवला. थोडी कमी झाली असं सांगणे, नाहीतर त्याला वाईट वाटेल.’ झालेल्या रविवारांवर काट. तीस वर्षं लोकांच्या टेलिफोनमधली खरखर शोधून काढणारा माणूस हा. मला आधीच सुचायला हवं होतं.

ते आले तेव्हा मी रागातच होते. एक तार छेडून दाखवली. त्यांच्या गालात कापूस, जबडा बधिर. खुर्चीत बसले, तार विरेपर्यंत ऐकत राहिले आणि मग कापसाआडून म्हणाले, “आता रविवारी मी त्याच्याशी काय बोलू?”

मी गेन पुन्हा शेवटपर्यंत पिळला आणि कामाला बसले.

माझ्या मोबाइलवरून तुला सांगावं तर या घरात सगळं सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून पत्र. कुरिअरने पाठवतेय, शनिवारी पोचेल. तू दिवसभर दुसऱ्यांचे आवाज स्वच्छ करून देतोस. गेन किती ठेवलाय, हा एक प्रश्न आठ महिन्यांत तुला विचारावासा वाटला नाही, यावर मी विश्वास ठेवायचा? तुला पहिल्याच रविवारी कळलं असणार. असू दे, मला उत्तर नको. पण कागदावर काट न मारलेली एकच ओळ उरली आहे: ‘दमट हवेमुळे असेल का, विचारणे.’ हवा तर कोरडी ठणठणीत आहे, आणि या ओळीपुढे त्यांना काही सुचलेलं नाही. तेव्हा या रविवारी फोन केलास की अ‍ॅम्पचं नाव काढू नकोस. दाढेचं विचार. काही नाही म्हणतील. फोन ठेवू नकोस, पुन्हा विचार. फार दुखतेय त्यांना.

तुझीच,
कान किटलेली धाकटी