बोडीतल्या जंतूला नाव मिळेपर्यंत

प्रति,
मा. वन परिक्षेत्र अधिकारी साहेब,
कोसमटोला परिक्षेत्र, जिल्हा चांदा.

अर्जदार : गुणवंत रामाजी निकुरे, निवृत्त शिक्षक, राहणार कोसमटोला.

विषय : गावच्या जुन्या बोडीभोवतीचे कुंपण काढून गाळ नेण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा माघ महिन्यातील अर्ज. २) त्यावर झालेला आपला बंदी-आदेश.

महोदय,

१. मी मिडल स्कुलात विज्ञान शिकवीत असे. सेवानिवृत्तीनंतर एक जुना सूक्ष्मदर्शक विकत घेऊन माती पाहत बसतो. मी शास्त्रज्ञ नाही, हे प्रथमच नमूद करतो. खाली जे लिहिले आहे त्यात चूक असल्यास ती माझ्या अपुऱ्या वाचनाची समजावी.

२. आमच्या गावी अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला प्रत्येक घर बोडीचा, म्हणजे आमच्या लहान तळ्याचा, सुकलेला गाळ एक टोपली काढते आणि आपल्या धानाच्या पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, वाफ्यात मिसळते. जास्त नाही, एकच टोपली. खत म्हणून एवढ्याने काय होणार, असे मी शेजारच्या रुखमाबाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "गुरुजी, दह्याले विरजण लागते, मंग मातीले नाई लागत का?" या उत्तराने मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी चिमूटभर गाळ मी काचेखाली ठेवला.

३. त्यात दंडाच्या आकाराचा एक जंतू आढळला. तो उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर वाढतो व तिथे विटकरी रंगाची साय धरतो. माझ्याजवळ वर्गीकरणाचा एक इंग्रजी ग्रंथ आहे. त्यात प्रत्येक पायरीवर दोन वाटा दिलेल्या असतात: जांभळा रंग धरतो की सोडतो, बीजाणू करतो की नाही, हवा लागते की नाही. एक वाट निवडावी आणि पुढे जावे. मी बरेच पुढे गेलो. शेवटी मात्र अशा ठिकाणी पोचलो की दोन्ही वाटांवर लिहिलेले वर्णन या जंतूस लागू पडेना. म्हणजे एकतर तो ग्रंथात नाही, किंवा मी मागे कुठेतरी चुकीच्या वाटेने वळलो. दुसरी शक्यता मला अधिक वाटते. तरीही माघात मी आपणांस लिहिले की, हा जंतू "नवीन असण्याचा संभव आहे", आणि बोडी वनहद्दीत येत असल्याने थोडा गाळ नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठविण्याची परवानगी मागितली.

४. त्यावर आपण आदेश दिला की, जंतूची ओळख पटेपर्यंत बोडीस कुंपण घालावे व तिच्यातून गाळ वा पाणी नेऊ नये, कारण शेजारीच सरकारी सागवानाची रोपवाटिका आहे. तसेच ज्या इसमाने जंतू हाताळला त्याने गाव सोडू नये. आपली काळजी रास्त आहे. अनोळखी वस्तूस भिणे हा दोष नव्हे. मीही बहुतेक वस्तूंना भितो.

५. माझ्या पत्रावर प्रयोगशाळेने कळविले की जंतू जिवंत पाठवावा, म्हणजे नाव सांगता येईल. बटाट्याच्या फोडीवर वाढविलेल्या जंतूची काचेची नळी घेऊन मी गावच्या वननाक्यापर्यंत गेलो. नाक्यावरचे शिपाई इस्तारी यांनी वनोपज वाहतुकीचा पास काढला आणि मालाचे नाव विचारले. मी म्हणालो, नाव मिळावे म्हणूनच पाठवितो आहे. ते म्हणाले, "गुरुजी, लाकूड म्हणा, बांबू म्हणा, मोहफूल म्हणा, मी लिहून देतो. पन जे डोळ्याले दिसतच नाई त्याले मी काय लिहू?" मोहफूल लिहून सुटलो असतो. पण खोट्या नावाने गेलेला माल परत माझ्याच नावावर येईल या भीतीने मी घरी परतलो. तेव्हापासून नाव नाही म्हणून पास नाही आणि पास नाही म्हणून नाव नाही.

६. जंतू मेल्यास मी पुरावा नष्ट केला असे होईल, म्हणून दर काही दिवसांनी त्यास नवी फोड द्यावी लागते. घरात बटाट्याची भाजी होत नाही. माझी बहीण इंदुताई राजुऱ्यास आजारी आहे. तिला आदेशाबद्दल कळविले तेव्हा तिने लिहून पाठविले, "तुह्या किड्याले संगं घेऊनच ये, मी त्यालेही जेवू घालीन."

७. अक्तीला सर्व टोपल्या कुंपणापाशी येऊन रिकाम्या परत गेल्या. रुखमाबाईंचे यजमान लटारूभाऊ माझ्या ओसरीवर येऊन बसले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, तुमी नाव शोधून राह्यले अन् आमची बोडी हरपली." आता मृग जवळ आला आहे. बोडीत पाणी चढले की गाळ हाती लागत नाही, आणि यंदाचे पऱ्हे विरजणाशिवाय पडतील. त्याने पीक खरोखर घटेल काय, हे मला सिद्ध करता येत नाही. पण बिनविरजणाची पेरणी गावात कोणी पाहिलेली नाही.

८. जंतू निरुपद्रवी असल्याचा पुरावा म्हणून मी बंदीपूर्वी आणलेला बोडीचा गाळ काही दिवस पाण्यात कालवून प्यालो. कोतवाल साक्षीला होते. मला काही झाले नाही. परंतु कोतवालांचे म्हणणे असे की, मी सागवान नसल्याने हा पुरावा धरता येणार नाही. ते बरोबर आहे.

९. मग मी कुंपणाबाहेरची माती बटाट्याच्या फोडींवर घालून पाहिली. विटकरी साय लटारूभाऊंच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, मातीवर आली, देवळाच्या अंगणातल्या मातीवर आली, माझ्या वहाणेच्या तळव्याच्या मातीवरही आली. पिढ्यानपिढ्या टोपल्या फिरल्या आहेत, तर दुसरे काय होणार. कुंपणाच्या आत आहे ते सर्व बाहेरही आहे. साहेब, आपल्या रोपवाटिकेत मजुरी करणारी माणसे याच गावची आहेत. वाफा म्हटला की त्यांचा हात टोपलीकडे जातो. तेथील माती मी पाहिलेली नाही आणि कोणाला काही विचारलेलेही नाही. रोपे उत्तम आहेत, एवढेच रस्त्यावरून दिसते. हा परिच्छेद लिहावा की नाही यावर मी फार विचार केला. यामुळे रोपवाटिकेसही कुंपण पडेल, मग बांधींस, मग देवळास, आणि आम्ही सर्वजण नाव येईपर्यंत आपापल्या जागी उभे राहू, असे मनात येते.

१०. सबब माघातील अर्जातला "नवीन" हा शब्द मी या अर्जाने मागे घेत आहे. त्या जंतूस ग्रंथात जागा आहे की नाही, हे मला माहीत नाही आणि आता कळण्याचा मार्गही उरला नाही. तो मला नवीन होता. गावाला नव्हता. अनोळखी म्हणून बंदी झाली असेल तर रुखमाबाई त्यास ओळखतात, एवढे आपण नोंदवून घ्यावे. माझे वय पाहता असा शब्द लिहिण्याची संधी मला पुन्हा येणार नाही; त्याबद्दल तक्रार नाही.

११. मृगापूर्वी बोडी खुली करावी, ही विनंती. मला गाव सोडण्याची परवानगी त्यानंतर दिली तरी चालेल. नळीबद्दल माझी काही मागणी नाही. ज्या दिवशी कुंपण निघेल त्या दिवशी मी ती बोडीतच रिकामी करीन.

आपला नम्र व अद्याप गावातच असलेला,
गु. रा. निकुरे
कोसमटोला, वैशाख वद्य एकादशी, सन १९५८

सोबत :
१) आपल्या आदेशाची नक्कल.
२) टोपली नेणाऱ्या घरांच्या कारभाऱ्यांचे अंगठे. (रुखमाबाईंनी सही केली आहे.)
३) जंतूची नळी. जोडलेली नाही. पास नाही.