फोन आधी कुणी ठेवायचा

५ नोव्हेंबर, पुलगाव
मानसीचा मोबाईल आजही लागला नाही. तिच्या बाबांच्या तेरवीला तिला येता आलं नाही. पोटुशी, डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलेलं. सचिन, तिचा सख्खा भाऊ, फोनवर म्हणाला, "आता येऊच नको." तेव्हापासून तिने आम्हा सगळ्यांचे नंबर बंद केले. मुलगा झाल्याचं तिच्या मैत्रिणीकडून कळलं.
तिच्या सासूबाईंच्या घरचा ओसाकाचा नंबर सापडलाय. मानसी त्यांच्याकडेच राहते. पण विहीणबाईंना जपानीशिवाय काही येत नाही.

७ नोव्हेंबर
सेवाग्रामला जाऊन आले. जपानहून सूत कातायला आलेल्या युकोबाई तिथे राहतात. खादीची साडी, मोडकंतोडकं हिंदी. त्यांनी सांगितलं, जपानी घरी फोन केला की आधी आपलं नाव, मग आता बोलायला सवड आहे का ते विचारायचं, मगच काम. जेवणाच्या वेळी करायचा नाही. आणि ज्याने फोन केला त्यानेच आधी ठेवायचा, अगदी हळूच. शाळेतल्या सिस्टर आठवल्या. त्याही ऑफिसातल्या फोनवर असंच बोलायला शिकवायच्या.

१० नोव्हेंबर
युकोबाईंनी शिकवलेलं घोकणं चालू. मोशी मोशी, म्हणजे हॅलो. मानसी नो हाहा देसु, मी मानसीची आई. इमा योरोशिइ देश्यो का, आता बोलू ना. शेवटी शित्सुरेइ शिमासु, येते मी. युकोबाई बोलताना वाकायच्या, तशी मीही वाकते. शेजारच्या वेणूताईने कुंपणावरून पाहिलं.
"फोनले काऊन नमस्कार करून राह्यली वं? आतून देव बोलते का?"
हसून घालवलं. सांगितलं असतं तर सचिनच्या कानावर गेलं असतं.

१२ नोव्हेंबर
लावला. वाजायच्या आत कापला. पुन्हा तेच. दूध उतू गेलं. कशात लक्ष नाही.

१३ नोव्हेंबर
केला. विहीणबाईंनीच उचलला. सगळं नीट म्हटलं. मानसी आहे का, विचारलं. जरा थांबून म्हणाल्या, ओरिमासेन. घरी नाही.
शित्सुरेइ शिमासु म्हटलं. त्याही म्हणाल्या. आता मी ठेवायचा. पण मुलीच्या आईने विहिणीच्या आधी फोन ठेवायचा? हात धजेना. त्या माझी वाट बघत, मी त्यांची. नुसता श्वास ऐकू येत होता.
आणि मागून बाळाचं रडणं. मग, "काऊन रडून राह्यला बाप्पा? आली ना मी."
मानसी.
घरात वऱ्हाडी मी बोलू द्यायची नाही. तिचे बाबा मात्र तिच्याशी असंच बोलायचे. हाच सूर.
बाळ गप्प झालं, तेव्हा मीच हळूच ठेवला.

१४ नोव्हेंबर
घरी आहे, आणि नाही म्हणायला लावलं. दिवसभर आतबाहेर. सचिनने विचारलं, बरं नाही का. काय सांगू.

१६ नोव्हेंबर
युकोबाईंना सांगितलं. म्हणाल्या, विहीणबाई थांबल्या तो रिवाजच, फोन तुम्ही केला होता. पुढे म्हणाल्या, पण घरातला आवाज आम्ही पलीकडे जाऊ देत नाही. बाळ रडलं की लगेच फोनवर हात ठेवतो. त्यांनी ठेवला नाही?
नाही ठेवला.
विसरल्या असतील. किंवा मला ऐकू यावं म्हणूनच...
उद्या पुन्हा फोन करते. आधी ठेवणार नाही.