कुशीतली गाठ

आई, आज सकाळपासून माझं कशात लक्ष नाही. भात करपला. दोनदा मागच्या पडवीत गेले आणि कशाला आले ते न आठवून परत फिरले. काल जावई आले होते. ते सर्जन आहेत. जेवताना मी त्यांना तुझं दुखणं सांगितलं, आणि ते जे बोलले ते तुझ्याशिवाय कोणाला सांगावंसं वाटत नाही.

लघवीतून रक्त जातंय हे तू किती दिवस लपवलंस कोण जाणे. मला कळलं तेव्हा म्हणालीस, "उष्णतेचं आहे गो," आणि धण्याचं पाणी पीत राहिलीस. मग डाव्या कुशीत हाताला गाठ लागायला लागली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं, तेव्हा अण्णा, तू आणि मी निघालो. अजून दिसतं मला, तू पडावाच्या होडीतून मुंबईच्या बोटीच्या शिडीवर चढतेस, एक हात कुशीवर दाबलेला, आणि मागे वळून मलाच सांगतेस, "परकर सांभाळ."

मुंबईच्या सर्जननी छातीचा फोटो काढला. मूत्रपिंडाचा कॅन्सर फुफ्फुसापर्यंत गेला होता. त्यांनी काही लपवलं नाही. "मूत्रपिंड काढलं तरी आजार जायचा नाही. रक्त थांबेल, दुखणं कमी होईल. पण ऑपरेशन जड आहे, त्यातच काही बरंवाईट होऊ शकतं." अण्णा लगेच उठले. "बरं व्हायचं नसेल तर फाडायचं कशाला? घरी चल." तू बाकावरून हलली नाहीस. "घरी जाऊन काय करू? रोज रक्त बघत बसू? गाठ माझ्या कुशीत आहे, तुमच्या नाही." नवऱ्याशी, अण्णांशी, असं बोलताना मी तुला पहिल्यांदाच ऐकलं. तुला आत नेलं, आणि दार उघडेपर्यंत अण्णा व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते.

तू जगलीस. रक्त थांबलं. थंडीपासून वैशाखापर्यंत तू घरात होतीस आणि त्या दिवसांत काही मोठं केलं नाहीस. शेजारच्या काकूंशी कुंपणावरून भांडलीस, आमसुलं घातलीस, आणि विहिरीच्या काठावर बसून मला पोहायला शिकवलंस. कमरेला सुके भोपळे बांधून मी पाण्यात, आणि वरून तुझा आवाज, "पाय मार गो, पाय मार!" मग खोकल्यातून रक्त पडायला लागलं, आणि त्यानंतर तू फार दिवस काढले नाहीस.

चाकूनेच तुला लवकर नेलं, असं अण्णा शेवटपर्यंत म्हणत. मी दर वेळी भांडायची, की तिला ते महिने चाकूनेच दिले. काल जावई म्हणाले, "आता औषधं आहेत. तरी आजार पसरल्यावर मूत्रपिंड काढायचं की नाही, हे आजही माणूस बघूनच ठरवतात. काहींना उपयोग होतो. काहींचे उरलेले दिवस जखम भरण्यातच जातात. तुमच्या आईंचं ऑपरेशनशिवाय काय झालं असतं, कोणीच सांगू शकणार नाही." म्हणजे ना तू जिंकलीस, ना अण्णा. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यावर वेळ आली असती तर?" मी ताक आणायला उठले.

हा कागद मी कोणाला दाखवणार नाही. तुझ्या बाजूने जन्मभर भांडले, पण त्या बाकावर मी असते, तर अण्णांच्या मागून निमूट घरी आले असते. तू समोर असतीस तर हेही मला बोलवलं नसतं.