हात वर केलेला दादा

सोमवार
पोचले एकदाची! खोली एवढीशी, पण खिडकीत आभाळच आभाळ. सपाट माळ, एक झाड नाही. दादा फोनवर म्हणायचा, इथं वादळ इतक्या लांबून दिसतं की चहा टाकायला वेळ मिळतो. गेल्या वर्षी विजांचे फोटो काढतानाच वीज पडून तो गेला. आता त्याचा कॅमेरा माझा, त्याचे ड्रायव्हरकाकाही माझे. काकांनी आल्या आल्या दम भरला: हातावरचे केस उभे राहिले की वीज तिथंच पडणार; कॅमेरा गेला खड्ड्यात, गाडीत शिरायचं. मी मान डोलावली. दादानेही डोलावली असणार.

बुधवार
पहिली वीज मिळाली! अंधारून आलं की शटर उघडं ठेवायचं, वीज स्वतःच फोटो काढून घेते. झकास आलाय. फक्त माळाच्या टोकाला कुणीतरी उभं आहे. काका म्हणाले, तिथं चिटपाखरूही नव्हतं, डाग असेल. मी लेन्स पुसली.

गुरुवार
डाग नाही, माणूस आहे. कालच्यापेक्षा जवळ. डावा खांदा उतरलेला. जड बॅग वाहून दादाचा झाला होता तसाच. आई त्याला वाकडोबा म्हणायची. कॅमेरा पोटाशी धरून खूप रडले.

शनिवार
प्रत्येक फोटोत आणखी जवळ. एरवी माळ रिकामा. दोन्ही हात वर केलेत. लहानपणी मी भिंतीवरून उडी मारायचे, तेव्हा झेलायला असेच करायचा. बोलावतोय मला. काका फोटो बघून पांढरेफटक पडले. म्हणाले, उद्याच आईकडे जा.

रविवार
गेले नाही. काकांनी शेवटी सांगितलं. वादळात हाक ऐकू येत नाही, म्हणून हात वर करायची खूण त्या दोघांनी ठरवलेली. अर्थ एकच: सगळं टाका, गाडीत बसा. त्या दिवशी दादाने ती काकांना केली. काका पळाले. तो मात्र —
बोलावत नाहीये. हाकलतोय मला.

सोमवार, दुपार
गाडीत. वादळ डोक्यावर. वीज चमकली, आता कॅमेऱ्याशिवाय दिसला — काचेपलीकडेच. अर्धा चेहरा जळलेला. ओरडतोय, आवाज नाही —
अंधार. गेला.
कळतंय रे दादा. पण विजेशिवाय तू दिसतच नाहीस —
पुन्हा! दार ढकलते, उघडत नाही. बाहेरून तो दाबून धरतोय. काका माझा दंड ओढतायत —
पलीकडचं दार मी उघडलं. हातावरचे केस — दादा, किती जवळ आहेस — मी आले, झेल